बचावनौका गावाची कशी होते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला अपघात झाला, तेव्हा पाण्यातल्या माणसांपर्यंत आधी पोहोचल्या त्या आसपास असलेल्या बोटी. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली, तेव्हाही रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून माणसे ओढून काढली होती. दोन्ही प्रसंगी लोक धावले, आणि दोन्ही वेळा ते हातातले काम टाकून, मिळेल त्या बोटीने धावले. अशा प्रसंगानंतर वर्तमानपत्रांतून कोळ्यांच्या धाडसाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण गावाची स्वतःची बचावनौका, म्हणजे खास त्याच कामासाठी बांधलेली, वर्षाचे बारा महिने तयार ठेवलेली आणि गावच्याच बिनपगारी माणसांनी चालवलेली बोट, ही गोष्ट आपल्याकडे चर्चेत येत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये पेन्ली नावाचे ठाणे आहे. १९८३ पर्यंत ते माऊसहोल आणि न्यूलिन या दोन मासेमारी गावांच्या मधल्या खडकाळ टोकावर होते. त्याचा इतिहास तपशिलात मांडावा म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण तपशील गाळला तर नेमके कामाचे तेच निघून जाईल.

त्या किनाऱ्याची सुरुवात अपयशाने झाली, आणि ते आधी सांगितले पाहिजे. १८०३ मध्ये पेन्झन्स बंदरासाठी कॉर्नवॉलमधली पहिली बचावनौका विकत घेतली गेली. बांधणारा हेन्री ग्रेटहेड, म्हणजे त्या काळातला या विद्येतला नावाजलेला माणूस. बोट चांगली होती. पण ती कोणी बाहेर काढायची, खलाशी कोण, डागडुजीचा खर्च कुठून, हे काहीच ठरलेले नव्हते. नऊ वर्षे ती पडून राहिली, एकदाही कामाला आली नाही, आणि १८१२ मध्ये विकून टाकली गेली. आपल्याकडे एखाद्या योजनेतून नवी कोरी बोट जेट्टीला लागते आणि दोन पावसाळ्यांत तिचे इंजिन गंजते, त्याच जातीची ही गोष्ट.

पुढचे पाऊल बोटीचे नव्हते, संस्थेचे होते. आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस गावी सर विल्यम हिलरी राहत असत. डोळ्यांदेखत जहाजे फुटताना पाहिल्यावर त्यांनी देशभर आवाहन केले आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये सभा भरून राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. हीच पुढे १८५४ मध्ये ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ झाली. २०२४ मध्ये तिला दोनशे वर्षे पूर्ण झाली. मधली काही वर्षे, १८५४ ते १८६९, तिने सरकारी अनुदान घेतले आणि मग ते सोडून दिले. तेव्हापासून तिचा मुख्य आधार लोकांच्या देणग्या आणि मृत्युपत्रांतून मिळणारे पैसे.

सुरक्षेच्या साधनांमागे काय किंमत मोजली गेली, तेही पाहावे. १८५४ मध्ये संस्थेचे कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाच्या तुकड्यांचे जाकीट तयार केले. खलाशांना ते आवडले नाही, वल्हे मारताना अडते म्हणून. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबीची बोट उलटली आणि तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नवे जाकीट घातलेला तो एकटाच होता. त्यानंतर जाकिटाबद्दल कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

पैशाचेही तसेच. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री लँकेशरच्या किनाऱ्यापाशी ‘मेक्सिको’ नावाचे जर्मन जहाज अडकले. मदतीला तीन गावांच्या बोटी निघाल्या. लिदमच्या बोटीने जहाजावरची बाराही माणसे आणली. सेंट ॲन्सच्या बोटीवरचे तेराच्या तेरा आणि साउथपोर्टच्या बोटीवरच्या सोळांपैकी चौदा, असे सत्तावीस बचावकर्ते गेले. मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी पैसा उभा करताना लक्षात आले की संस्था मूठभर श्रीमंतांच्या देणग्यांवर चालली आहे. म्हणून चार्ल्स मकारा यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर डबे फिरवून वर्गणी गोळा केली गेली. मँचेस्टर हे गिरण्यांचे शहर, समुद्रापासून आत. बोट किनाऱ्यावरची आणि पैसा आतल्या शहराचा, ही सांगड तिथून पक्की झाली. मुंबई-पुण्याच्या माणसांनी कोकणातल्या एका बोटीचा वर्षाचा खर्च उचलावा, अशा प्रकारची.

पेन्झन्सला संस्थेने १८५३ पासून पुन्हा बोट ठेवली. अडचण पाण्याची होती. ओहोटीला बंदर उघडे पडते. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळात रुतणाऱ्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गाड्यावर घालून बोट ओढत खोल पाण्यापर्यंत न्यायची म्हणजे घोडे, माणसे आणि वेळ. १९१३ मध्ये पेन्ली टोकावर बोटघर आणि त्याला जोडून समुद्रात उतरणारी घसरण बांधली, आणि भरती असो की ओहोटी, बोट काही मिनिटांत पाण्यात जाऊ लागली.

ही घसरण कशी चालते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मदार तिच्यावर. बोट बोटघरात उताराच्या माथ्यावर, नाळ, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे करून उभी असते. मागून साखळीने धरलेली, आणि त्या साखळीला आकडा. बोटीचा कणा मधल्या खोबणीत बसलेला, त्या खोबणीला ग्रीस. खलाशी वर चढतात, दारे उघडतात, यंत्रचालक इंजिने सुरू करतो. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, खूण करतो. किनाऱ्यावरचा माणूस आकड्याची खीळ हातोड्याने उडवतो आणि वीसेक टनांची बोट स्वतःच्या वजनाने घसरत जाऊन पाण्यात शिरते. हा वेग महत्त्वाचा. त्याच्याच जोरावर बोट पायथ्याशी फुटणारी लाट फोडून पुढे जाते. मध्येच अडखळली, तर पुढची लाट तिला आडवी करून खडकावर घालते. म्हणून घसरणीवर शेवाळ राहू द्यायचे नाही, खोबण साफ ठेवायची, ग्रीस वेळेवर लावायचे. ही कामे किनाऱ्यावरची माणसे करतात आणि तीही स्वयंसेवकच असतात. परत येताना खरी कसोटी लागते. बोट उलटी, मागची बाजू घसरणीकडे करून आणायची, तार अडकवायची आणि यंत्राने वर ओढून घ्यायची. समुद्र खवळलेला असेल तर हे होत नाही. मग बोट जवळच्या बंदरात बांधून ठेवायची आणि समुद्र निवल्यावर घरी आणायची. आणल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, डिझेल भरायचे, दोर सुकवून पुन्हा वळे करून ठेवायचे. हे झाले की ठाणे पुन्हा तयार.

निघायचे की नाही हे गर्दी ठरवत नाही. त्या काळी ठाण्याचा मानद सचिव असे. तटरक्षकांचा निरोप त्याच्याकडे येई आणि बोट सोडायची परवानगी तो देई. समुद्रावर गेल्यावर मात्र शब्द तांडेलाचा. इंग्रजीत त्याला कॉक्सवेन म्हणतात. आमच्या मते आपला ‘तांडेल’ त्याला तंतोतंत बसतो. अशा ठाण्यांवर पूर्ण वेळ पगारी माणूस म्हणजे बहुधा यंत्रचालक, कारण इंजिन रोज पाहावे लागते आणि ते सवडीने होण्याचे काम नाही. बाकीचे आपापल्या धंद्यातून उठून येतात. पूर्वी दारूचे बाण उडवून गावाला बोलावत. आवाज ऐकला की माणसे जेवणावरून उठून पळत. नंतर खिशातली पेजर आली.

पेन्लीला १९२२ मध्ये पहिली इंजिनाची बोट मिळाली, १९३१ मध्ये ‘डब्ल्यू अँड एस’. २३ एप्रिल १९४७ रोजी मोडीत काढायला ओढून नेली जाणारी ‘वॉरस्पाइट’ ही प्रचंड युद्धनौका वादळात सुटून तिथल्या खडकांवर चढली, तेव्हा तांडेल एडविन मॅड्रन यांनी हीच बोट युद्धनौका आणि खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात नेऊन आठही माणसे काढली. त्यांना रौप्यपदक मिळाले. १९६० मध्ये ‘सॉलोमन ब्राउन’ आली. ४७ फुटांची, लाकडी, दोन डिझेल इंजिनांची, वेग सुमारे ९ नॉट, म्हणजे ताशी ९ सागरी मैल. पंखे, म्हणजे प्रोपेलर, बोटीच्या तळातल्या बोगद्यासारख्या खाचांत बसवलेले, म्हणजे घसरणीवर किंवा उथळ पाण्यात ते तुटू नयेत. वेग कमी, पण लाटेत घट्ट.

१९ डिसेंबर १९८१. ‘युनियन स्टार’ हे नवे मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर हॉलंडहून खत घेऊन आयर्लंडला निघाले होते. कप्तानाची पत्नी आणि तिच्या दोन मुली वाटेत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून जहाजावर आल्या होत्या. कप्तान आणि त्याचे चार खलाशी धरून एकूण आठ माणसे. वुल्फ रॉक दीपगृहाच्या पूर्वेला जहाजाची इंजिने बंद पडली. इंधनाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी शिरले होते. ज्यांनी डिझेल इंजिन चालवले आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल: पाणी एकदा इंधनाच्या नळ्यांत गेले की गाळणी साफ करून भागत नाही, सगळी वाट रिकामी करावी लागते, आणि डोलणाऱ्या जहाजात टाकीतले पाणी ढवळून पुन्हा वर येत राहते. चौकशीत अपघाताचे मूळ कारण हेच निघाले. ओढून न्यायला एक टग तयार होता. त्याच्या तारणाच्या, म्हणजे जहाज वाचवण्याच्या मोबदल्याच्या, अटी कप्तानाने आधी स्वीकारल्या नाहीत. नंतर वेळ राहिली नाही.

वारा ९० नॉटपर्यंत, लाटा साठ फुटांच्या आणि जहाज किनाऱ्याकडे वाहत चाललेले. नौदलाचे हेलिकॉप्टर आले, पण जहाज इतके हेलकावे खात होते की डोलकाठीचे टोक हवेत चाबकासारखे फिरत होते. खाली दोर सोडणे शक्य झाले नाही. माऊसहोलमध्ये बारा जण हजर झाले होते. तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी सात निवडले. अशा रात्री एका घरातला एकच माणूस न्यायचा, असे त्यांनी ठरवले होते. नायजेल ब्रॉकमन बोटीवर चढले, म्हणून त्यांचा मुलगा नील याला त्यांनी किनाऱ्यावर ठेवले. निघालेल्या आठांत मच्छीमार होते, व्यापारी जहाजावरचा तरुण खलाशी होता, टेलिफोन खात्यातला तंत्रज्ञ होता, गावातल्या पबचा मालक होता. रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी बोट घसरणीवरून सुटली.

एरवी अडकलेल्या जहाजापाशी जायची रीत अशी: वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन नांगर टाकायचा आणि दोर सोडत सोडत जहाजाकडे सरकायचे. जवळ गेले की दोर धरायचा, माणसे घ्यायची आणि त्याच दोरावर स्वतःला ओढून बाहेर पडायचे. इथे ते जमण्यासारखे नव्हते. जहाज एका जागी नव्हते, वाहत होते, आणि कडा इतका जवळ आला होता की समोरून येणारी लाट आणि कड्यावर आपटून उलटणारी लाट एकमेकींवर चढत होत्या. अशा पाण्यात जहाजाची आडोशाची बाजू म्हणून काही उरत नाही. त्यामुळे इंजिनाच्या जोरावर पुन्हा पुन्हा जवळ जायचे, अंगाला अंग लागेल त्या क्षणी माणसाने उडी मारायची आणि बोटीवरच्यांनी झेलायची, एवढेच हातात होते. एका वेळी लाटेने ही बोट उचलून सरळ जहाजाच्या फळ्यांवर नेऊन ठेवली आणि ती घसरून परत पाण्यात आली. तरी रिचर्ड्स पुन्हा जवळ गेले. चार जण घेतले आहेत, हा त्यांचा निरोप बिनतारी संदेशावर ऐकू आला. त्यानंतर आवाज आला नाही.

सेनन कोव्ह, लिझर्ड आणि सेंट मेरीज या ठाण्यांच्या बोटी शोधाला निघाल्या. सेननच्या बोटीला लँड्स एंडचे टोक ओलांडता आले नाही. दोन्ही जहाजांवरची सोळाच्या सोळा माणसे गेली. रिचर्ड्स यांना मरणोत्तर सुवर्णपदक आणि बाकी सातांना कांस्यपदक मिळाले. आणि दिवस उलटायच्या आत माऊसहोलमध्ये नव्या बोटीसाठी पुरेशी माणसे पुढे आली. नील ब्रॉकमन पुढे त्याच ठाण्याचे तांडेल झाले.

यानंतरचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अशा वेळी गावे तिथेच फसतात. कुटुंबांसाठी जाहीर निधी उघडला आणि तीस लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. लगेच प्रश्न आला: हा निधी कायद्याने कोणता? धर्मादाय म्हणून नोंदवला तर करातून सुटतो, पण मग कुटुंबांना त्यांच्या गरजेपुरतेच देता येते, उरलेला पैसा दुसऱ्या धर्मादाय कामाकडे वळतो. खासगी निधी ठेवला तर सगळा पैसा कुटुंबांना जातो, पण कराचा प्रश्न उभा राहतो. त्यावरून मोठा गदारोळ झाला. शेवटी खासगी निधीच ठेवला गेला आणि पैसा कुटुंबांकडे गेला. पुढे अशा आवाहनांचे शब्द आधीच कसे लिहावेत याची मार्गदर्शक सूत्रे तिथल्या सरकारने काढली. निधी उघडतानाच एका ओळीत उद्देश लिहायला हवा, ‘अमुक कुटुंबांना समान वाटून’ की ‘गरजेनुसार’; पैसा आल्यावर ती ओळ बदलता येत नाही.

१९८३ मध्ये ठाणे न्यूलिन बंदरात हलले आणि ५२ फुटांची ‘मेबल ॲलिस’ आली. ती जवळपास दुप्पट वेगाची होती आणि उलटली तरी आपोआप सरळ होणारी. २००३ पासून तिथे ‘आयव्हन एलन’ आहे, २५ नॉट वेगाने धावणारी. या बोटी पाण्यातच बांधलेल्या असतात. घसरण नको, तारही नको, पण तळाला शेवाळ आणि शिंपल्या लागतात, बॅटऱ्या उतरतात, वादळात बांधलेल्या जागीच बोट घासते. म्हणजे रोजचे लक्ष वाढते. पेन्ली टोकावरचे जुने बोटघर तसेच जपून ठेवले आहे.

आता आपल्याकडचे. भारतीय तटरक्षक दल १९७८ पासून आहे, समुद्रातल्या संकटासाठी १५५४ हा क्रमांक आहे, आणि दूरच्या समुद्रात त्यांच्यासारखे काम दुसरे कोणी करू शकत नाही. आमचे म्हणणे किनाऱ्यापासून पहिल्या चार-पाच मैलांबद्दल आहे, जिथे अर्ध्या तासात पोहोचले तर माणूस वाचतो. तिथे आजही आपला भरवसा मच्छीमारांच्या बोटींवर आहे. पण महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी ओढून वर काढलेल्या, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारलेल्या, इंजिने उतरवलेली. म्हणजे ज्या दोन महिन्यांत समुद्र सर्वांत वाईट असतो आणि पर्यटक तरीही पाण्यात उतरतात, नेमक्या त्याच दोन महिन्यांत मदतीला निघू शकेल अशी बोट बहुतेक गावांत पाण्यात नसते. माणसे असतात, घरी असतात. बोट नसते.

म्हणून एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेने हे काम हाती घेतले, तर बोटीची निविदा काढण्याआधी काही गोष्टी कागदावर याव्यात. पावसाळ्यात उधाणाला आणि ओहोटीलाही बोट उतरवता येईल अशी जागा गावात कुठे आहे, हे जून-जुलैमध्ये प्रत्यक्ष उभे राहून पाहावे, डिसेंबरमध्ये नव्हे. यंत्रचालकाला बारा महिन्यांचा पगार कोण देणार. बोट सोडायचा शब्द कोणाचा. सरपंच, संस्थेचा अध्यक्ष, पोलीस पाटील असे तिघे असतील तर कोणाचाच नाही. बंदीच्या काळात बचावासाठी बाहेर गेलेल्या बोटीचा आणि तिच्यावरच्या माणसांचा विमा लागू राहील असे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आणि एरवी जो तांडेल आपली बोट जाळ्यासकट वळवून कोणाला वाचवायला जातो, त्याचे त्या दिवसाचे डिझेल, बर्फ आणि बुडालेली खलाशांची वाटणी त्याला आठ दिवसांत कोणत्या खात्यातून मिळेल, हेही त्याच कागदावर असावे.

आपले,
रत्नागिरी-रायगड किनाऱ्यावरचे काही निवृत्त खलाशी